विहीणबाईंचे हातमोजे

डोंबिवली, बुधवार, ६ डिसेंबर १९८९

आधी आल्या त्या कल्याणच्या विहीणबाई, माझ्या सुनेची आई. व्याही अजून जिन्यातच धापा टाकत होते, आणि यांनी पिशवी उघडलीसुद्धा! नात निमी दिल्लीला नोकरीला चाललीय. टायपिंगला बोटं मोकळी हवीत म्हणून आम्ही दोघी आज्यांनी तिला एकेक जोड बिनबोटांचे हातमोजे विणले, लाल-पांढऱ्या नक्षीचे.

"तुमची वीण ढिली वाटते हो," म्हणाल्या.

"पोरीला घालून तर बघू दे."

माझे सरसर चढले. त्यांच्या मोज्यात हात अंगठ्यापाशीच अडकला. निमी म्हणाली, "आजी, हे बाहुलीला होतील गं!"

बाईंचे डोळेच भरले. मला चहा काय गोड लागला!

नक्षीत जो रंग नको असतो त्याचा धागा मागून न्यायचा, पण सैल. या खेचतात, मग वीण आवळते. दिवाळीतच पाहिलं होतं मी. तेव्हा सांगायला हवं होतं का? उलट कौतुकाने म्हटलं, "किती घट्ट हात तुमचा!"

आता सगळं उसवून, नवे विणून रविवारी आणतायत. निमीची गाडी सोमवारी. जिन्यापर्यंत पोचवायला गेले, पण मागचा धागा सैल सोडा, हे काही बोलले नाही.