समोरच्या इमारतीतले जावई

प्रिय ठमे,

तू ऑफिसला गेलीस आणि मी तुझ्याच स्वयंपाकघरात बसून तुलाच पत्र लिहितेय. आईला वेड लागलं म्हणशील. काल संध्याकाळी तू दोनदा विचारलंस, गप्प का आहेस म्हणून, आणि डोकं दुखतंय सांगून मी सुटले. दुखत काही नव्हतं. डोक्यात नुसता गुंता झालाय आणि त्याचं टोक सापडत नाही. त्यातला हसण्यासारखा भाग आधी सांगते.

काल तू गेल्यावर मी दूध आणायला खाली उतरले. परत आले तर दार नुसतं लोटलेलं. म्हटलं, घाईत आपणच ओढून घ्यायला विसरलो. आत पाऊल टाकते तो दारातच हे एवढे मोठे पुरुषी बूट, एक इकडे, एक तिकडे. सोफ्यावर चुरगळलेले शर्ट, न्हाणीघरात पाण्याचा आवाज. आले एकदाचे जावई टूरवरून, असं मनात आलं आणि इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. मी पदर खोचला. बूट जोडीने लावले, शर्टांच्या घड्या घातल्या, सिंकमधली खरकटी भांडी घासली. नवरा यायचा तर घर आवरून ठेवू नये का, म्हणून मनातल्या मनात तुला दोन शिव्याही दिल्या. चहाचा डबा जागेवर नव्हता, साखर भलत्याच बरणीत निघाली, तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडेना.

मागे न्हाणीघराचं दार वाजलं. जावयांसमोर मान वर करून मी कधी बोलले नाही, तुला ठाऊक आहे. शेगडीकडे तोंड करूनच मी म्हटलं की बसा, चहा होतोच आहे, प्रवासात हाल झाले असतील, आणि ठमीवर रागावू नका, ती मनाने वाईट नाही. हे शेवटचं माझ्या तोंडून का निघालं, मलाच कळलं नाही. कप घेऊन वळले तर समोर टॉवेल गुंडाळलेला, अर्ध्या गालाला फेस लावलेला एक टकला म्हातारा. खरं सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की दोन वर्षांत एवढे केस जातात का माणसाचे.

मग मात्र कप तसाच पुढे धरून मी माफी मागत सुटले. त्याला माझं मराठी कळेना, मला त्याची भाषा. तो बिचारा बुटांकडे बघे, शर्टांकडे बघे, माझ्याकडे बघे. शेवटी त्याने कप घेतला आणि उभ्याउभ्या चहा पिऊन टाकला. कपडे घालून आला आणि मला खिडकीशी घेऊन गेला. समोरच्या इमारतीत तुझी गॅलरी, दोरीवर माझी निळी साडी. दोन्ही इमारती एकसारख्या, सगळ्या घरांत सोफा एकसारखा, ओटा एकसारखा, मालकानेच दिलेला, त्याला मी काय करू. तुझ्या दारापर्यंत सोडायला आला तो. चहा बरा झाला होता असं काहीतरी हसत हसत म्हणाला असावा.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. तुझ्या दारात आले आणि चपलांकडे लक्ष गेलं. सगळ्या तुझ्याच. तुझ्याकडे परदेशात येऊन महिना होत आला, रोज त्यांच्यावरून ये-जा करतेय आणि दिसलं नाही. मग चोरासारखी घरभर हिंडले. कपाटात पुरुषाचा एक शर्ट नाही, न्हाणीघरात दाढीचं सामान नाही. मी त्यांच्यासाठी विणून आणलेला स्वेटर पिशवीत तसाच. टूरवर गेलेला माणूस एखादा जुना जोड तरी मागे ठेवतो गं. बाबा रोज फोनवर त्यांची चौकशी करतात आणि तू रोज नव्या गावाचं नाव सांगतेस.

परवा माझं परतीचं विमान. समोरासमोर विचारलं असतं तर तू चहा टाकायला उठली असतीस आणि मी भाजी निवडायला घेतली असती, म्हणून हे पत्र. राग कुणाचा करू, बाबांना काय सांगू, मला काही म्हणता काही कळत नाही. कदाचित मी पुन्हा चुकीच्याच घरात शिरले असेन. तसं असेल तर त्या म्हाताऱ्यासारखी हसून मला दाराबाहेर काढ. नसेल तर संध्याकाळी आल्यावर काही बोलू नकोस, नुसती येऊन माझ्याजवळ बस. बाबा आणखी थोडे दिवस हाताने करून खातील. मी बॅग भरायला घेतलेली नाही.

तुझीच,
आई