'शततारका'चा सतरावा भाग

निघोजे,
बुधवार, दुपार

प्रिय शालन,

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली आणि तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू लेकीकडे गेल्यापासून फोनवर आपण रोज बोलतो. तनुजाचं बाळ मागे रडत असतं, तू गोळी घेतली का विचारतेस, मी घेतली म्हणतो. पण जे सांगायचं आहे ते सांगायला गेलो की तोंडातून 'जेवलीस का' एवढंच येतं. म्हणून सकाळी चाकणला जाऊन कागद आणि पाकीट आणलं. आज संध्याकाळी कुरिअरला दिलं की शुक्रवारी तुला नाशिकला मिळेल, असं दुकानदार म्हणाला. रविवारच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं. का, ते शेवटी सांगतो.

घरचं ठीक आहे. पलीकडच्या कंपनीने भिंत आणखी वर चढवली, त्यामुळे आपल्या अंगणात दहानंतर ऊन येतं. भाकरी मला अजून गोल जमत नाही, पण पोटाला आकार कळत नाही म्हणून चाललंय.

मागच्या रविवारी दोघं जण घरी आली होती. सुप्रिया आणि रणजीत. दोघं हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतात, वय तिशीच्या आतबाहेर. मला वाटलं, जागेची चौकशी करायला आली असतील. तर ती मुलगी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाली, "काका, 'शततारका'मधले मिस्त्री तुम्हीच ना?" छत्तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. ही पोरं जुन्या मालिकेचे भाग गोळा करतायत. सव्वीसपैकी एकोणीस मिळाले. देहूरोडच्या एका निवृत्त मास्तरांनी त्या वेळी घरच्या व्हिडिओवर टेप करून ठेवले होते, त्यांच्या माळ्यावर सापडले.

सुप्रियाने वहीत माझी यादी केली होती. यानाचा मिस्त्री, हिरव्या ग्रहावरचा व्यापारी, सहाव्या भागात मेलेला पहारेकरी, आणि सातव्यात बर्फाच्या ग्रहावरचा न्यायाधीश म्हणून परत आलेला तोही मीच. मुखवटा बदलला तरी चालीवरून ओळखलं म्हणाली. मला आई आठवली. टीव्हीसमोर बसून ती शेजारणींना सांगायची, "त्यो बघा आमचा गोरक्ष. हिरवा झालाय, पण चाल तीच हाय." नावांच्या पाटीत मी 'आणि इतर'मध्ये असायचो. एवढ्या वर्षांनी एक परकी मुलगी मला पंधरा भागांत शोधून काढते, म्हणून मी इतका खूश झालो की दोनदा चहा केला.

मग तिने सतरावा भाग लॅपटॉपवर लावला.

तुला तो दिवस आठवत असेलच, पण माझ्या बाजूने कसा होता ते तुला ठाऊक नाही. गुरुवार होता. कंपन्यांना सुट्टी, म्हणून आपलं शूटिंगही गुरुवारचंच असायचं, भोसरीच्या त्या बंद पडलेल्या शेडमध्ये. भंगारातली मीटरं आणि दिवे लावून आम्ही यान उभं केलं होतं. तू कपडे शिवायचीस. त्या दिवशी पुण्याहून येणाऱ्या नटीचा पाय मुरगळला आणि मालिका लिहिणारे, बसवणारे आपले सोपानराव डोकं धरून बसले. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "शालनताई, झगा तुम्हीच शिवलाय, आता तुम्हीच घालून उभ्या राहा." तू हसलीस, आधी नाही म्हणालीस, मग दोन टाके उसवलेस आणि तो चंदेरी झगा चढवलास.

दूरच्या एका ठाण्यावर अकरा वर्षं एकटी दिवा सांभाळणारी बाई. तिला घ्यायला यान येतं. ठाणं बंद झालंय, मागे कोणी उरलेलं नाही, चल, असं कप्तान सांगतो. आणि ती म्हणते, "पुढचा माणूस आल्याशिवाय कशी निघू? चार्ज कुणाला देऊ?" तू ते रडून म्हटलं नाहीस. घरात दूध उतू जाईल म्हणून सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हटलंस. पुण्याचा तो नावाजलेला कप्तान पुढचं वाक्य विसरला. मी तुझ्या मागे हिरवा मुखवटा घालून उभा होतो, आणि आत माझे डोळे भरून आले होते. मला तुझा अभिमान वाटला, हे खरं. पण भाग टीव्हीवर लागेपर्यंतच तो अभिमान टिकला, हेही खरं.

भाग लागला आणि आठवड्याभरात ते वाक्य पिंपरीच्या गेटागेटावर गेलं. शिफ्ट बदलताना माणसं एकमेकांना तेच म्हणून हसायची. आमच्या डिपार्टमेंटमध्ये एक जण पाठीवर थाप मारून म्हणाला, "गोरक्षराव, वहिनींनी काय काम केलंय! तुम्हीपण करा की राव कधीतरी." मी तोवर चौदा भागांत होतो, शालन. त्याच्या ते गावीही नव्हतं. मी हसलो, आणि दिवसभर मशीनवर हात चालेना.

पुढच्या गुरुवारी सोपानरावांनी मला शेडच्या दारातच गाठलं. ती बाई लोकांना फार आवडली, पुढच्या चार भागांत तिला परत आणायचं ठरलंय, असं म्हणाले. पुढचा माणूस येतो, ती चार्ज देते आणि यानावर दाखल होते. कायमची. "शालनताईंना विचारून उद्या सांग." त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा तू मशीनवर बसली होतीस. मान वर न करताच विचारलंस, "आज काय झालं शूटिंगला?" मी म्हणालो, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन सांगितलं की तू नको म्हणालीस. त्यांनी कारण विचारलं. कारण मी तयार ठेवलं नव्हतं, म्हणून पहिलं सुचलं ते बोललो. म्हणालो, आईला पसंत नाही, सुनेनं टीव्हीवर दिसणं.

आईला! जी चार घरच्या बायका गोळा करून तो भाग बघायला बसली होती, आणि नंतर महिनाभर मला विचारत होती, "सूनबाई परत कवा दिसायची?"

सोपानरावांनी गोष्ट बदलली. विसाव्या भागात कप्तान जाता जाता बोलून गेला की ठाण्यावरची ती बाई वारली. एका वाक्यात. तू टीव्हीसमोर शेंगा सोलत होतीस. हात थांबले नाहीत तुझे. थोड्या वेळाने म्हणालीस, "मला नीट जमलं नसेल." उरलेल्या चंदेरी कापडाचं तू शिलाई मशीनला कव्हर शिवलंस, आणि पुन्हा कधी त्या शेडकडे फिरकली नाहीस. पुढे बचत गटाच्या बायकांनी नाटक बसवलं तेव्हाही तू पडद्यामागेच राहिलीस. "मला नाही जमत ते," म्हणालीस. मी तिथेच बसलो होतो.

आणखी एक तुला सांगायचं आहे. तनुजा दुसरीत असताना महाळुंग्याला लग्न होतं, तिथे सोपानराव आईला भेटले. गमतीनेच म्हणाले, "भागूबाई, तुम्ही सुनेला अडवलंत, आमची एक चांगली नटी गेली." आईने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्यांना म्हणाली, "व्हय, चुकलंच माझं." आम्ही घरी आलो. उंबऱ्याशी चपला काढताना फक्त म्हणाली, "तिला कवा सांगणार हायस?" मी म्हटलं, सांगतो. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली आणि पुन्हा तिने विचारलं नाही. तू तिचं सगळं केलंस, शेवटी अंथरुणावर होती तेव्हाही. ती तुझा हात धरून बसायची. तुला वाटायचं, म्हातारपणामुळे.

रविवारी भाग संपल्यावर सुप्रियाने डोळे पुसले आणि मला विचारलं, "काकू परत का नाही आल्या?" मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "सोपानरावांनी सांगितलंय आम्हाला, सासूबाईंनी अडवलं म्हणून. आम्ही मालिकेवर पुस्तिका काढतोय, तीत तसं लिहिलंय." भिंतीवर आईचा फोटो होता. मी गप्प बसलो. ती दोघं नमस्कार करून गेली.

सोमवारी चिंचवडला गेलो. सोपानराव आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, कानाला यंत्र आहे. त्यामुळे जे हळू आवाजात कबूल करायला गेलो होतो ते मला मोठ्याने सांगावं लागलं. त्यांची सून आत स्वयंपाकघरात होती, तिनेही ऐकलं असणार. सोपानरावांनी कानातलं यंत्र नीट केलं. मग म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती, गोरक्ष. पण मी तिला सरळ विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं म्हणजे झालं, असंच वाटायचं आपल्याला." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिथूनच सुप्रियाला फोन केला आणि सांगितलं, पुस्तिकेतली ती ओळ बदला. सासू काढा, नवरा लिहा, नावासकट. तिला आधी कळलं नाही. कळल्यावर तिच्या आवाजातलं ते 'काका' जरा कोरडं झालं. ते मी समजू शकतो.

आता हे पत्र का, ते. सोपानरावांनी तेव्हा लिहिलेले ते चार भाग त्यांच्या कपाटात आहेत. ही पोरं ते नुसत्या आवाजात रेकॉर्ड करणार आहेत, पिंपरीच्या एका स्टुडिओत, आणि ती भूमिका त्यांना तुझ्याकडूनच हवी आहे. दुसऱ्या कोणाचा आवाज नको म्हणतात. काल रणजीतचा फोन आला होता. सवयीने तो मलाच म्हणाला, "काका, तुम्हीच काकूंना विचारून सांगता का?" मी त्याला तुझा नंबर दिला. रविवारी सकाळी तो तुला फोन करेल. त्याच्याशी बोलण्याआधी तुला हे माहीत असायला हवं की तेव्हाही तुला बोलावलं होतं. तुला जमलं नव्हतं, असं कधीच नव्हतं. मला माफ कर असं लिहून तुझ्यावर आणखी एक काम टाकत नाही. तनुजाला सांगायचं असेल तर सांग. इतक्यात घरी यावंसं वाटलं नाही तर राहा तिकडे, मी समजून घेईन. त्या मुलाला हो म्हणायचं की नाही, ते तू ठरव. मी त्याला फक्त नंबर दिला आहे, शालन. तुझ्या वतीने एक अक्षरही बोललेलो नाही.

तुझाच,
गोरक्ष