मंद आचेचा महिना

१ जुलै, सोमवार
आजपासून घरातलं रात्रीचं जेवण हे माझं खातं. संजीवनीला रॅफल्स प्लेस भागातल्या मोठ्या बँकेत वरची जागा मिळाली आहे. घेऊ की नको, असं तिचं आठवडाभर चाललं होतं. मी म्हटलं, बिनधास्त घे, घराकडचं मी बघतो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. कृतज्ञता असावी.
मी सध्या घरीच असतो. नोकरी गेली असं म्हणणं बरोबर नाही. कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला, त्यात मी बसलेलो होतो, एवढंच. पण संगणकाच्या चिपच्या कारखान्यात वर्षानुवर्षं भट्ट्यांचं तापमान सांभाळलेला माणूस आहे मी. अर्ध्या अंशाचा फरक पडू दिला नाही. मटण ते काय!
नव्या नोकरीसाठी अर्ज: उद्यापासून.

२ जुलै, मंगळवार
स्लो कुकर आणला. मुख्यतः बाबांसाठी. बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी इकडे परदेशात आलेत. येण्याआधी उरलेसुरले सगळे दात काढून घेतले. नवी कवळी टोचते, म्हणून ती ग्लासात असते आणि बाबा वरण-भातावर. काल हळूच म्हणाले, "मोठ्याचं खाऊन किती वर्षं झाली बे. तिकडं तर बंदच झालं. इथं भेटते म्हणे?"
आई करायची ते नुसत्या बोटाने तुटायचं. ठरवलं. दातांशिवाय खाता येईल असं बीफ. सकाळी भांड्यात टाकायचं, बटण फिरवायचं, संध्याकाळी वाढायचं. मधला दिवस अर्जांना मोकळा.
आज अर्ज झाला नाही. कुकरचं माहितीपुस्तक वाचण्यात वेळ गेला. सात भाषांत आहे. मी दोन वाचल्या.

४ जुलै, गुरुवार
पहिला प्रयोग. सुपरमार्केटमध्ये उभं राहून मांस निवडलं. चरबी नाही, शिरा नाहीत, एकदम स्वच्छ, लाल. दिवसभर कुकरवर लाल दिवा. संध्याकाळी झाकण काढलं, मांस सकाळी होतं तस्संच. फक्त कोमट.
आमच्या इराने वाकून बटण पाहिलं आणि इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, यू पुट ऑन वॉर्म. वॉर्म इज नॉट कुक, लाह."
सगळं कढईत ओतून उकळलं. जेवायला फार उशीर झाला. बाबांनी पाव रश्शात बुडवून खाल्ला आणि झोपायला गेले. पहिली बॅच कारखान्यातसुद्धा धरत नाहीत.

५ जुलै, शुक्रवार
बटण योग्य जागी. बीफ शिजलं. बाबांनी एक तुकडा तोंडात घेतला. आम्ही जेवलो, उठलो, ताटं धुतली, इराचा गृहपाठ झाला. तुकडा अजून तिथेच होता.
"कसं झालंय, बाबा?"
त्यांनी हाताने 'थांब' अशी खूण केली.
दोष मसाल्याचा. मसाला मुरला नाही की मांस आखडतं, असा माझा अंदाज आहे.

७ जुलै, रविवार
लिटिल इंडियात, म्हणजे इथल्या देशी बाजारात, जाऊन मसाला आणला. नागपुरी नाही, पण रंगाने तितकाच काळा. येताना मिठाईच्या दुकानात थांबलो. दमलो. अर्ज उद्या. सोमवारी पाठवलेल्या अर्जाकडे लोक जास्त लक्ष देतात.

९ जुलै, मंगळवार
आज शिस्तीने केलं. दर थोड्या वेळाने झाकण उघडून थर्मामीटर घातला, आकडा लिहिला, ढवळलं, झाकण लावलं. आलेख सुंदर आलाय. बीफची मात्र सुतळी झाली. धागे इतके सुटे की इराने एक काढून मोजपट्टीला लावला.
संजीवनी म्हणाली, झाकण सारखं उघडायचं नसतं, वाफ जाते, पुस्तकात लिहिलंय. म्हटलं, उरलेल्या पाच भाषांत लिहिलं असेल.

१२ जुलै, शुक्रवार
प्रगती आहे. आज कुणीही तक्रार केली नाही. बाबांनी दोन चमचे रस्सा घेतला, इराने एक तुकडा, संजीवनीने अर्धा, आणि तिघंही "बास, पोट भरलं" म्हणाले. याचं कारण मी वाचलंय. मंद आचेवर शिजलेल्या अन्नाने लवकर तृप्ती होते. उरलेलं मी संपवतो. पॅन्टचं बटण लागत नाही. कापड आटलंय.

१५ जुलै, सोमवार
घरातल्या सवयी सुधारताहेत. बाबा रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला खाली जातात. हवा मानवतेय, गाल भरलेत. इराची शाळेची प्रॅक्टिस वाढलीय, पण घरी येते ती हसत. संजीवनी "निघाले" असा मेसेज करते आणि त्यानंतर फार वेळाने पोचते. गर्दीची वेळ. बाबांच्या सदऱ्यावर लालभडक डाग दिसला. विचारलं तर म्हणाले, "काही नाही बे, तोंड धुताना पडलं." टूथपेस्ट लाल आणतात वाटतं. दात नसताना.
अर्ज: मजकूर डोक्यात तयार आहे.

१८ जुलै, गुरुवार
विश्वासचा फोन. पुण्याचा, माझ्याच विभागातला, माझ्याबरोबरच बाहेर पडला. त्याला नोकरी लागलीसुद्धा. तिथे अजून एक जागा आहे, त्याने माझं नाव दिलंय, पुढच्या शुक्रवारी इंटरव्ह्यू. मी म्हटलं, पुढचा आठवडा कठीण आहे, हातातलं काम नाजूक टप्प्यावर आहे. तो म्हणाला, "कुठलं काम?"
बीफचं सांगितलं नाही. देवाधर्माचा माणूस आहे, उगाच कशाला. म्हटलं, थर्मल प्रोसेस.
संजीवनीने माझ्या हातातून फोन घेतला. "विश्वास, तो येतोय," म्हणाली आणि ठेवून दिला. मग बाथरूममध्ये गेली, आणि नळ बराच वेळ नुसताच वाहत होता. नळ तपासला पाहिजे.

२५ जुलै, गुरुवार
इंटरव्ह्यूची तयारी करायची होती, पण उद्याच्या बीफचं आधी बघावं लागलं. नेहमीचं स्वच्छ मांस संपलं होतं. मार्केटमधल्या खाटकाकडे फक्त पायाचं होतं, शिरा आणि चिकट चरबीने भरलेलं. नाइलाजाने घेतलं. फुकट जाणार. इंटरव्ह्यूचा शर्ट काढून ठेवला. गुलाबी. दुसरा कुठला बसत नाही.

२६ जुलै, शुक्रवार
आज बरंच झालं. क्रमाने लिहितो.
सकाळी सगळं भांड्यात ढकललं, बटण फिरवलं आणि निघालो. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं होतं. आधी तिष्ठत बसलो, मग चौघं समोर. त्यांनी विचारलं, गेले काही महिने काय करताय? मी तापमान-नियंत्रणाबद्दल बोललो. फार बोललो. एक बाई म्हणाल्या, "तुम्हाला ही नोकरी हवी आहे का?" मी मांडीवरची फाइल सरळ केली. मग "हो" म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. कळवतो म्हणाले.
घरी आलो तेव्हा उजेड होता. घरात कुणी नव्हतं. झाकण काढलं. चमचा लावला आणि तुकडा आपोआप सुटला. चमच्यानेच दोन झाले, तीन झाले. उभ्या उभ्या एक तोंडात टाकला. चावावं लागलं नाही.
आईचं होतं तसं नाही. पण त्याच गल्लीतलं.
डोळ्यांत वाफ गेली.
दिवसभर झाकण उघडायला कुणी नव्हतं, तरी हे जमलं, म्हणजे माझी पद्धत किती पक्की आहे बघा. वाट बघवेना. बाबा खाली फिरत असतील, त्यांना हाताला धरून वर आणावं म्हणून चपला घालून धावलो.
बाबा फिरत नव्हते. इमारतीच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, बसले होते. समोर बीफ नूडलचा वाडगा. शेजारी इरा, चमच्याने बीफचे बारीक तुकडे करून त्यांच्या वाडग्यात टाकत होती. पलीकडे संजीवनी, सँडलमधून पाय काढून, बँकेचं कार्ड अजून गळ्यात. बाबा काहीतरी सांगत होते आणि त्या दोघी हसत होत्या. बाबांनी लाल चटणी मागितली, तर दुकानातल्या बाईने न विचारता आणखी एक वाटी आणून दिली. ओळखीची झाली होती.
मी ज्यूसच्या दुकानामागे उभा राहिलो. किती दिवसांत घरात असं हसणं ऐकलं नव्हतं, ते आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं.
मुकाट्याने वर आलो. बीफ बाहेरच्या जेवणाच्या एका रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ढकललं. कुकरचं भांडं घासून पालथं घातलं. ते तिघं आले तेव्हा म्हटलं, आज इंटरव्ह्यू होता, काही केलं नाही, माफ करा. तिघांच्याही चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला.
इरा म्हणाली, "इट्स ओके, पप्पा. वी नॉट हंग्री."

२६ जुलै, थोड्या वेळाने
संजीवनी खोलीत आली. दार लावून म्हणाली, "तू खाली आला होतास."
म्हटलं, नाही.
"गुलाबी शर्ट आहे तो, सुगत. लांबून दिसतो."
मग ती पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, पहिल्या दिवशी बाबांना भूक सहन झाली नाही म्हणून गेलो. एकच दिवस म्हणून. मग रोजचं झालं. तुला सांगायचं कुणी, यावरून आमची रोज भांडणं होतात. बाबा म्हणायचे, "नोकरी गेली पोराची, आता स्वैपाक कशाला हिसकावता?"
मी गुलाबी शर्टाची बटणं काढायला लागलो.
"बीफचं काही नाही रे," ती म्हणाली. "मी सकाळी निघते तेव्हा तू त्या भांड्यासमोर असतोस, येते तेव्हाही तिथेच. मला त्याची भीती वाटते. तू कुठे अर्जच करत नाहीस."
म्हटलं, उद्यापासून.
"आत्ता."
लॅपटॉप तिनेच आणला. शेजारी बसून राहिली. दोन अर्ज गेले. दुसऱ्यात तिने माझी तीन विशेषणं काढून टाकली. मला वाटतं अर्ज आता बराच बारीक दिसतो. पण बारीक होणं आमच्या घरात कुणाला तरी सुरू करावंच लागणार.

२७ जुलै, शनिवार, सकाळ
पाणी प्यायला उठलो तर स्वैपाकघरात बाबा. पुढ्यात प्लास्टिकचा तो डबा, उघडा. गरमसुद्धा केलेलं नाही. हाताने खात होते, डोळे मिटून. कवळी ग्लासातच होती. मी दारातच थांबलो. त्यांनी शेवटचा तुकडा बोटांनी तोडला, डब्याच्या कोपऱ्यातून रस्सा निपटला आणि बोट चाटलं. मग मी दिसलो.
"सुगत, कुठून आणलं बे हे?"
"मी केलं, बाबा."
बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाठ चोळावी लागली. "अबे, सकाळी सकाळी गंमत नको करू. सांग ना खरं. कोणत्या दुकानातलं? ते खालचं याच्यापुढं काहीच नाही. तुझ्या मायची आठवण आली."
त्यांची बोटं अजून रश्शाने काळी होती.
म्हटलं, "लांब आहे, बाबा. MRT ची गाडी धरावी लागते."
"मंग जा ना. संध्याकाळी पाहिजे मले. अन् हे पाह, उगा स्वतः काही करत बसू नको."
पिशवीसुद्धा त्यांनीच हातात दिली. मार्केट नुकतंच उघडलं असेल, पायाचं मांस मिळेल.
आता प्रश्न एकच. कुकर लावायचा कुठे, की बाबांना दिसणार नाही.