खड्यांच्या नावाखाली

मनीषनगर, नागपूर

सौ. नंदिनीताईस धाकट्या कामिनीचा वाकून नमस्कार (वाकता येतंय तोवर करून घेते).

तुझं बीपी काय म्हणतं? भाऊजींची कुरकुर आणि परतवाड्याचा उन्हाळा, दोन्ही जोरात असतीलच. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझं बोलणं तुझ्याआधी शेजारणींना कळतं.

तर ताई, मी छाती भरदार करायचं ऑपरेशन करून घेते आहे. (पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.) दोन बाळंतपणांनंतर काय उरलं, ते ब्लाउज शिवणारीला विचार. दरवेळी ती टाचण्या लावत "इथं ढिल्लं राहून राहिलं, ताई" म्हणते आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचते. एक्केचाळिसाव्या वर्षी हे काय सुचलं म्हणून हवं तर हस, पण हे मला माझ्यासाठी हवं आहे. यांना तर फरक कळेल की नाही, याचीच शंका आहे.

डॉक्टरीणबाई कडक निघाल्या. साडीच्या दुकानात सांगावं तसं मी "जरा मोठं दाखवा" म्हटलं, तर त्यांनी टेपच काढली. माप हौसेनं नाही, छातीची रुंदी आणि कातडी बघून ठरतं म्हणाल्या. मग एकेक ऐकवत गेल्या: आत बसवतात ते जन्मभराचं नसतं, पुढे बदलावं किंवा काढावं लागू शकतं, भोवती कडकपणा येऊ शकतो, स्पर्श कमी जाणवू शकतो, आधी मॅमोग्राफी करायची, आणि पुढेही प्रत्येक तपासणीला आत काय आहे ते आपण होऊन सांगायचं. सिगारेट बंद, असंही म्हणाल्या, तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं. हे कोराडीला पॉवर स्टेशनात इंजिनिअर ना, इन्व्हर्टर घेताना विचारावं तसं "वॉरंटी किती?" विचारून बसले. "कंपनी देते, शरीर देत नाही," असं उत्तर मिळालं.

सासूबाईंना काय सांगायचं? हे म्हणाले, पित्ताशयात खडे झालेत म्हणू. झालं! रोज सकाळी कुळथाचं कढण घेऊन सासूबाई पलंगाशी हजर. बेशाला राहणाऱ्या नणंदेनं कसलासा पाला पाठवला. समोरचे गोपाळराव तर स्वतःचा निघालेला खडा डबीत घालून मला दाखवायला आले (सुपारीएवढा आहे, त्यांना फार अभिमान). मी सगळ्यांसमोर पोट धरून बसत होते.

काल मॅमोग्राफीवाल्यांचा फोन नेमका सासूबाईंनी उचलला. संध्याकाळी मला देवघरात बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "हे खडे नाही. मले कॅन्सर वाटून राहिला. तू काहून लपवून राहिली वं?" इतकी वर्षं या घरात आहे, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी काल पहिल्यांदा पाहिलं. मग मी सगळं खरं सांगितलं. मला फार लाज वाटली, ऑपरेशनची नाही, खोट्याची.

त्या पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "एवढंच होतं त सांगाचं नं! शरीर तुहं हाय. पण घाई करू नको, अजून एका डॉक्टरले दाखव." आणि उठून मला खसकन जवळ घेतलं. मीही रडून घेतलं.

तुझी,
कामिनी

ता. क. पत्र टाकायचं चार दिवस राहूनच गेलं. तोवर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं, तेही तेच म्हणाले. ऑपरेशन पुढल्या महिन्यात आहे. काही दिवस हात वर करायचे नाहीत, जड उचलायचं नाही. माझी वेणी घालायला तू येच.

पुन्हा ता. क. वेणी यांनाही घालता येईल, खरं काम वेगळंच आहे. त्या दिवशी मॅमोग्राफीवाल्यांचा फोन ठेवल्याबरोबर सासूबाईंनी कोराडीच्या देवीला नवस बोलून टाकला होता: कॅन्सर नसू दे, सून देवळाभोवती लोटांगण घालेल. देवी लगेच पावली, आता नवस फेडायला उशीर चालणार नाही म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी तर कित्येक आठवडे पालथं पडायलाच मनाई केली आहे. "तुही सख्खी बहीण हाय नं?" असं सासूबाईंनी विचारलं, आणि मी पटकन हो म्हणून गेले. येताना एखादा जुना पंजाबी ड्रेस आण, मळला तरी चालेल असा.