साखर बंद

४ डिसेंबर २०२४

एक्क्याऐंशी! काट्यावरून उतरले, चप्पल काढली, पुन्हा चढले. एक्क्याऐंशीच. सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — एकोणसत्तरवर या, मग तुमची किडनी मुलीला बसवायचं बघू. ह्यांचा रक्तगट जुळत नाही. म्हणजे मीच. सृष्टीला अजून एकोणीस पुरी नाहीत आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

"तुमची साखरही काठावर आहे. वजनाबरोबर उतरेल. साखर बंद करा."

केली. आष्ट्याला पोचल्या पोचल्या डबा सासूबाईंच्या खोलीत नेऊन ठेवला.

७ डिसेंबर

जेवणाचं जमतंय. दोन भाकऱ्यांची एक केली. मरण आहे ते दुपारी चारला. पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि माझा धंदा काय, तर भडंग! दिवसभर लसूण-शेंगदाणे परता, मसाला कालवा, पुड्या भरा — आणि तोंडात टाकू नका! चव बघायच्या नावाखाली आजवर किती पसे पोटात गेले, देव जाणे.

खाटेवरून सृष्टी पहारा करते. "आई, हात!"

११ डिसेंबर

काकडी. मुळा. परत काकडी. माझी शेळी झालीय.

१६ डिसेंबर

दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंना विचारलं, चार वाजता खाऊ तरी काय? "हलकं खा, मावशी." चुरमुरे? "चालतील. सुके, मूठभर."

जीव भांड्यात पडला! चुरमुऱ्यांची पोती तर घरातच पडलीत. आणि चुरमुऱ्याहून हलकं काय असणार? फुंकर मारली की उडतो. मूठ कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

२ जानेवारी

बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही. रोज तोंड वाकडं. सासूबाई बघून बघून शेवटी म्हणाल्या, "आगं, साकर इख हाय. गूळ घरचा, गुऱ्हाळातला. त्यानं काय हुतंय?"

हे आधी कसं सुचलं नाही! आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल — कारखान्याची ती साखर, गुऱ्हाळाचा तो गूळ. दोन्ही वेगळे. डॉक्टरांनी बंद केलीय ती साखर.

आज चारला ताटभर सुके चुरमुरे, गुळाचा खडा आणि गुळाचा चहा. महिन्यात पहिल्यांदा पोट भरलं. तेलाचा थेंब नाही, साखरेचा कण नाही!

२० जानेवारी

ऐंशी. फक्त ऐंशी! काटा फेकून द्यावासा वाटला.

१८ फेब्रुवारी

मशीनवर असताना सृष्टीला आज फार त्रास झाला. उलट्या, थंडी. येताना गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, तू घाई नगं करू. भुकेनं मरशील." मी तिच्यावर खेकसले — मरायच्या गोष्टी करू नकोस म्हणून. मग तोंड खिडकीकडं करून रडले. भीती वाटते. लय भीती वाटते.

१४ मार्च

शहात्तर! कसं उतरलं, कळलंच नाही. ब्लाउज अंगावर लोंबायला लागलेत. ह्यांना खरं वाटेना. "काटा बिघडला आसंल," म्हणून स्वतः चढून बघितलं! चुरमुरे लागू पडले म्हणायचे. आता सकाळीही तेच खाणार.

६ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. घशाला सारखी कोरड. तांब्यावर तांबे रिकामे करते तरी तहान भागत नाही.

सृष्टीला दिवसाला अर्धा लिटर पाणी. बाटलीवर खूण केलीय, तिच्याखाली रेषभरही नाही. तिच्यासमोर माझ्याच्यानं पिववत नाही. मागच्या दारी जाऊन पिते, चोरासारखी. आज पिऊन वळले तर ती दारात उभी. माझ्या गळ्याकडं बघत होती.

"गार हाय का गं?"

"हाय," म्हणाले. ती आत गेली. मी तांब्या हातात धरून तिथंच उभी राहिले. ह्या उन्हाळ्याला आग लागो.

२७ एप्रिल

एकाहत्तर. पण अंगात त्राण नाही. कढईपुढं उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. सासूबाई म्हणाल्या, "आशक्तपना हाय. गुळाचं पानी घे जरा." घेतलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

९ मे

एकोणसत्तर!!

सृष्टीला हाक मारून काटा दाखवला. "बघू बघू," करत आली, माझ्या दंडाला धरून बघितलं. "कुठं गेली गं माझी जाडी आई?" किती दिवसांनी हसली! दुपारी बघते तर कॉलेजची सॅक झटकून उन्हात ठेवलेली.

१२ मे

रक्त देऊन आलो. वजन बघून डॉक्टर म्हणाले, "शाब्बास, मावशी!" परवा रिपोर्ट.

१४ मे

साखर निघाली. तीनशे चाळीस.

"गोड काय काय खाता?" एक कण नाही, म्हणाले. गुळाचा चहा तेवढा. आणि चुरमुरे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, वजन तुम्ही नाही उतरवलं. साखरेनं उतरवलं. तुमची किडनी आता घेता येणार नाही."

सृष्टी माझ्या शेजारीच बसली होती. घरी आल्यावर तिनं तांब्या काठोकाठ भरून आणला, माझ्यापुढं ठेवला.

"मागच्या दारी नगं जाऊस आता. हितंच पी."