कोंबड्यांचा उमेदवार

चि. धाकटे उमेदवार यांस, ताईचे आशीर्वाद.

तुझा पक्ष एकमेवाद्वितीय आहे: मुद्दा एक, उमेदवारही एक. उद्या मतदान. याच जागेवर तुझे मेहुणे, म्हणजे आमचे हे, हेही उभे आहेत, बंद पडणारा दवाखाना वाचवायला. तुला पडणारी मतं त्यांचीच कमी होणार, हे तुलाही कळतं.

परवा नाश्त्याला मी विचारलं, "दवाखान्याचं काय रे?"

"ताई, आजाऱ्यांसाठी बोलणारे पुष्कळ आहेत. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना दुसरं कोण आहे?"

मेहुण्यांनी उकडलेलं अंडं गुपचूप बशीच्या कडेला सारलं.

आज दुपारी डोळा लागला. स्वप्नात मतदानाची लांबच लांब रांग, सगळ्या पांढऱ्या कोंबड्या. उन्हात पिसं तरंगत होती, आवाज कसलाच नव्हता. अधिकारी नाव विचारी, आणि प्रत्येक कोंबडी मान तिरकी करून माझ्याकडे बघे. जणू ते मलाच ठाऊक असावं.

तेव्हा उद्या मत तुलाच देईन, आणि घरी येऊन, मेहुणेच जिंकोत म्हणून देवापाशी बसेन. दोन्ही अगदी मनापासून.

हे पत्र मात्र पाठवत नाही. तू भोळा आहेस, आनंदाच्या भरात पहिल्यांदा त्यांनाच दाखवशील.

तुझी,
उभयपक्षी ताई