लिंबागणेशची दाढी

प्रिय तात्या,

तुम्हाला जाऊन महिना झाला. नातू असून एक ओळ लिहिली नाही. आज बसलोय, कारण चार वाजता चकलांब्यात माझ्या शीतलचा दुसऱ्याशी साखरपुडा आहे. दारात दोन मोटारसायकली आणि माझे तीन दोस्त उभे आहेत. ऊसतोडीचे कोयते पोत्यात गुंडाळलेत. त्यातला एक तुमचा.

चिडू नका. तिच्या भावाशी मारामारी करून मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, तेव्हा सगळ्यांनी शिव्या दिल्या. तुम्ही मात्र हसलात. "कॉलेज सोडलंस, मंग राग कावून धरून बसलास?" तात्या, शिव्या परवडल्या असत्या!

तुमच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. विचारलं की दर वेळी नवं उत्तर. "उसासंगं कारखान्यात गेली. तुझ्या चहात निघाली तर सांग!" वय वाढलं तसं तुम्ही जास्तच हसवायला लागलात. म्हातारपण माणसाला कडू करतं, तुम्हाला कसं नाही केलं?

दर चतुर्थीला तुम्ही लिंबागणेशला जायचात. आम्हाला वाटायचं, गणपतीला. या चतुर्थीला मी गेलो, शीतलसाठी नवस बोलायला. देवळाबाहेर एका म्हाताऱ्यानं माझा चेहरा निरखला. "तात्याचा नातू का रं? त्यो न्हाई आला?"

त्याचा उजवा हात मनगटापासून नव्हता. दाढी वाढलेली. तुम्ही गेल्याचं सांगितलं, तर डाव्या हातानं दाढी चाचपली. मग म्हणाला, "आता माजी दाढी कोन करनार?"

मग सगळं त्यानंच सांगितलं. तो हात तुम्ही तोडला होता, तात्या! विशीत, एका पोरीवरून, उसाच्या फडात. तुमची बोटं त्याच्या कोयत्यानं गेली. पोरगी दिली तिसऱ्यालाच. आणि त्याच माणसाच्या गालावर तुम्ही महिन्याच्या महिन्याला वस्तरा फिरवत होतात! "न्हाव्याकडं जाऊ देत न्हवता," तो म्हणाला. "गळ्यापाशी आला की म्हनायचा, हलू नगं बे, मागं हललास तर हात गेलता!" सांगताना हसला, अन् हसता हसता डोळे पुसायला लागला, उरलेल्या एका हातानं.

मला का नाही सांगितलंत? सगळं चेष्टेवारी नेलंत! पण सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं का?

शीतलचा मेसेज आलाय. "येऊ नको. भावानंबी माणसं बोलावलीत." पोरं म्हणतात, आता मागं फिरलास तर बांगड्या भर. हॉर्नवर हॉर्न चाललेत. त्या दिवशी फडात तुमच्यामागंही अशीच पोरं होती का हो?

मी जात नाही, तात्या. बाहेर जाऊन सांगतो. भित्रा म्हणतील, गावभर करतील. माझ्याशिवाय निघायला लागले तर गाडीपुढं आडवा पडेन. ती दुसऱ्याची होईल, मी रडेन, वर्षभर कुणाशी धड बोलणार नाही. पण वचन देतो, मी म्हातारा होऊन दाखवीन. दोन्ही हातांनी.

एक गाडी निघाली वाटतं. पळतो.

तुमचाच तापट,
गणेश